धालसिमच्या गळ्यातली लेकरं

भाऊबिजेच्या दुपारी जेवणं उरकली आणि माझ्या मुलानं संगणकावर जुना ‘स्ट्रीट फायटर टू’ लावला. पुण्याहून आलेली भाची त्याच्या शेजारी बसली, शेजारच्यांचा मुलगा खुर्ची ओढून मागे. मी दुकानाला अर्धा दिवस सुट्टी दिली होती, म्हणून घरी होतो. मुलानं धालसिम निवडला. भाचीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “या तीन कवट्या कुणाच्या आहेत, ठाऊक आहे का तुला?”

“कुणाच्या असणार? डिझाइन आहे ते.”

“त्याच्या गावातली मुलं आहेत ती. साथीत गेलेली.”

इथून जो वाद पेटला, तो संध्याकाळी ओवाळण्याची वेळ झाली तरी चालू होता. बायको दोनदा येऊन म्हणाली, सणासुदीला हे काय काढलंय. तिचं चुकलं नाही. पण मी त्या खोलीतून उठू शकलो नाही. गेले काही आठवडे दुकानात गिऱ्हाईक नसलं की माझ्या डोक्यात त्या तीन कवट्याच असतात, म्हणून हा लेख.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपानमधल्या ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ बाजारात आणला. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार. निवडायला आठ लढवय्ये आणि प्रत्येकामागे एक देश. जपानचा सुमो पहिलवान, रशियाचा अस्वलांशी झुंजणारा मल्ल, चीनची पोलीस अधिकारी, ब्राझीलचा हिरव्या कातडीचा माणूस. भारताच्या वाट्याला आला धालसिम. बरगड्या मोजून घ्याव्यात असं अंग, तुळतुळीत डोकं, त्यावर लाल पट्टे, बुबुळं नसलेले पांढरे डोळे, कमरेला फाटकं पिवळं वस्त्र, मनगटात आणि पायांत कडी, गळ्यात तीन छोट्या कवट्या. हातपाय रबरासारखे लांबतात आणि तोंडातून आग निघते. त्याच्या मागे हत्ती सोंड वर करून चीत्कारतात.

त्याची कहाणी खेळात फारशी सांगितलेली नाही. पात्रांच्या माहितीतून चाहत्यांनी ती गोळा केली आहे. आग फेकण्याची शक्ती त्याला अग्निदेवानं दिली. तो अहिंसावादी आहे, मारामारी त्याला पटत नाही, तरी गरीब गावासाठी पैसे मिळवायला तो लढतो. बायकोचं नाव कुठे सारी असं दिलंय, कुठे सॅली. मुलाचं नाव दत्ता. हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो होतो, कारण आमच्या गल्लीत तीन दत्ता होते आणि त्यातला एक माझा सख्खा काका. धालसिम हे नाव मी कुणाच्या घरात ऐकलेलं नाही. पण ज्या कुणी त्याच्या लेकाला दत्ता म्हटलं, त्यानं नकळत आमच्या अंगणात पाय ठेवला.

आणि त्या कवट्या. गावात साथ आली, तिच्यात दगावलेल्या मुलांच्या त्या कवट्या. साथ कसली? प्लेगची.

शेजारच्या मुलानं हरकत घेतली आणि ती खरोखर विचार करण्यासारखी होती. तो म्हणाला, आपल्याकडे दहन करतात, मग अख्खी कवटी उरते कशी? जपानी माणसाला हे माहीत नव्हतं, त्यानं ठोकून दिलं. मुलगा लगेच त्याच्या बाजूनं झाला. भाची गप्प झाली. तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी बायको दारातूनच म्हणाली, “लहान लेकरांना जाळत नाहीत रे. पुरतात.”

कुणी काही बोललं नाही. ट्रे तिच्या हातात तसाच राहिला. आमच्या भागात ज्या घरांनी हे पाहिलंय, त्यांना ते सांगावं लागत नाही. ओढ्याच्या काठी, बोरीबाभळीखाली, वर काटे टाकून. ती तीन पोरं मोठी असती तर त्यांची राख झाली असती. लहान होती म्हणूनच त्यांच्या कवट्या मागे राहिल्या. ओसाकातल्या चित्रकाराला हे ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. बहुधा नसेलच. पण त्याच्या हातून जे कागदावर उतरलं, ते आमच्याकडच्या रीतीशी जुळलं, आणि ते जुळतंय हे जिला कळलं तिनं हा खेळ आयुष्यात कधी खेळलेला नाही.

माझ्या मुलाचा मुद्दा वेगळा होता आणि मी तो सोडून देणार नाही. त्याचं म्हणणं, आधी कवट्या काढल्या गेल्या, भीतीदायक दिसावं म्हणून, आणि मग माहिती लिहिणाऱ्या कुणीतरी त्यांना कारण चिकटवलं. तो म्हणाला, भारतीय माणूस म्हटलं की फकीर, जादूगार, साप, हत्ती. १९७६ साली आलेल्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’ या चिनी हाणामारीच्या चित्रपटात हात लांब करणारा एक भारतीय योगी आहे. चाहते धालसिमचं मूळ तिथं दाखवतात. म्हणजे नकलेची नक्कल. अशा पात्रात दुःख शोधत बसायचं म्हणजे आपलीच फसवणूक.

भाची अ‍ॅनिमेशन शिकते. तिनं उत्तर दिलं ते दिसण्यावरून. २०१६ च्या ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’मध्ये धालसिमला लांब पांढरी दाढी आणि फेटा दिला गेला, तेव्हा जगभरचे चाहते दोन तट करून भांडले. काहींना वाटलं, आता कुठे माणसात आला, वय दिसलं, अधिकार दिसला. काहींना वाटलं, एक साचा टाकून दुसरा घेतला, उपाशी फकीर गेला आणि आश्रमातला बाबा आला. तिचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. ती म्हणाली, दाढीखाली बरगड्या झाकल्या गेल्या की तो सुखवस्तू दिसतो. मग गावासाठी लढायला त्याला घराबाहेर कशानं काढलं? ज्या माणसाच्या गावात मुलं मरतात, त्याच्या बरगड्या दिसल्याच पाहिजेत.

मला हे पटलं, पण लगेच नाही. मी भाचीपेक्षा वयानं मोठा आणि त्या बरगड्यांची शरम वाटणाऱ्यांपैकी आहे. आठवीत असताना बीडच्या बसस्थानकाजवळच्या एका गाळ्यात मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला. एक रुपयाचं टोकन, चार यंत्रं, पंखा एकच आणि तोही मालकाच्या डोक्यावर. आम्ही सगळे रियू नाहीतर केन घ्यायचो. हातातून निळा गोळा सुटताना रियू जे ओरडतो ते आम्हाला ‘आदुगेन’ असं ऐकू यायचं, आणि तेच आम्ही शाळेच्या मैदानावर ओरडायचो. धालसिमला आम्ही ‘योगावाला’ म्हणायचो आणि घ्यायचो नाही. आपल्या देशाचा असून. किंवा म्हणूनच. तो संथ होता, त्याची उडी हवेत तरंगत राहायची आणि तो आमच्या गल्लीत भिक्षा मागायला येणाऱ्यांसारखा दिसायचा. आम्हाला तो परका हवा होता.

एक मुलगा मात्र कायम त्यालाच घ्यायचा. आमच्यापेक्षा वर्षभरानं मोठा, तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. त्याच्याकडे आठवड्याला एकच टोकन असायचं, म्हणून हरणं त्याला परवडत नव्हतं. धालसिमला घेऊन कसं जिंकायचं हे त्यानं एकट्यानं शोधून काढलं होतं. समोरच्याला जवळ येऊच द्यायचं नाही. लांबून हात मारायचा, तो मागे सरकला की आगीचा संथ गोळा सोडायचा, तो उडी मारून आला की खालून लांब लाथ. एका टोकनावर तो अर्धा तास यंत्र सोडायचा नाही. मालक चिडायचा आणि आम्ही मागे उभे राहून बघायचो.

१९९४ च्या सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, बीडमध्ये बातमी आली की मामला गावात उंदीर पडतायत. ज्यांचं वय आज तिशीच्या आत आहे, त्यांना ‘उंदीर पडले’ या दोन शब्दांचा अर्थ कळणार नाही. माझ्या आजीला कळला. तिनं सुपारी कातरायचं थांबवलं आणि विचारलं, “गाठी आल्या का कुणाला?” आल्या होत्या. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. हादऱ्यांच्या भीतीनं लोक घराबाहेर राहिले, आत भरलेल्या धान्यावर उंदीर माजले आणि त्यांच्या पिसवांनी रोग माणसांत आणला, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याआधी १९६६ पासून आपल्या देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीनं तो फक्त पुस्तकात पाहिला होता. मग काही दिवसांत सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली, लाखो माणसं ते शहर सोडून पळाली आणि साऱ्या देशानं तोंडाला रुमाल बांधला.

आमचं दुकान औषधांचं. वडील सकाळी आठला शटर उघडायचे, तर पायरीवर माणसं बसलेली असायची. सगळ्यांना एकच हवं होतं, टेट्रासायक्लिन. लोक पिशव्या घेऊन आले होते. वडिलांनी नियम केला, चिठ्ठी असेल त्याला चिठ्ठीपुरतं, नसेल त्यानं आधी दवाखान्यात जावं. एका सधन माणसानं काउंटरवर नोटांचं बंडल ठेवलं. वडिलांनी ते त्याच्याकडे परत सरकवलं आणि म्हणाले, “उद्या खेड्यातून गाठ आलेलं लेकरू आणलं, तर त्याला मी काय देऊ?” हे वाक्य मी वजनकाट्याच्या मागे उभं राहून ऐकलं. औषध असतानाही माणूस मरू शकतो, ते वेळेवर त्याच्या गावात नसेल तर, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊबिजेच्या दुपारी मी पोरांना हे सांगितलं. मग भाचीनं एक गोष्ट केली, जी ती आणि तिच्यासारखे चाहते नेहमी करतात आणि जिला मोठी माणसं रिकामपणाचे उद्योग म्हणतात. तिनं साल जुळवून पाहिलं. जुन्या माहितीत धालसिमचा जन्म २२ नोव्हेंबर १९५२ चा दिला आहे. “मामा, शेवटची नोंद १९६६ ची म्हणालास ना? तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.”

मला क्षणभर कळलं नाही ती काय म्हणतेय.

“म्हणजे साथ त्याच्या लहानपणी आली. ती गावातली मुलं वगैरे नाहीत, मामा. त्याच्या बरोबरची मुलं आहेत. त्याचे सवंगडी.”

मी तीस वर्षं त्या चित्राकडे एका मोठ्या माणसाच्या गळ्यातल्या लहान मुलांच्या कवट्या म्हणून पाहत आलो होतो. योगी, साधू, गावाचा आधार, त्यानं पोरांची आठवण ठेवली. भाचीनं सालं जुळवली आणि चित्र उलटलं. तो मोठा झाला, ती तिथंच थांबली. तो त्यांच्यातलाच चौथा.

यावर मुलानं हरकत घ्यायची ती घेतलीच. नोंद नव्हती म्हणजे रोग नव्हता असं कुठे आहे? खेड्यातल्या मुलांच्या मरणाची नोंद कोण ठेवतं? आणि कंपनी आता फक्त तारीख देते, साल देत नाही. पात्रं म्हातारी होऊ नयेत म्हणून. पहिल्या दोन हरकतींनी तर भाचीचं म्हणणं जास्तच जड केलं. नोंद न झालेली तीन मुलं, आणि त्यांचा एकमेव पुरावा एका माणसाच्या गळ्यात.

हे बोलून मी मूळ मुद्द्यावर येतो. दुय्यम पात्रांच्या पूर्वायुष्यावरून, कपड्यांवरून, दाढीवरून तासन्‌तास वाद घालणाऱ्या मुलांना आपण हिणवतो. माझ्या दुकानात येणारे शिक्षक, वकील, मुलांच्या काळजीनं झोपेच्या गोळ्या मागणारे पालक, सगळे एकच वाक्य बोलतात, खोट्या माणसांसाठी एवढं काय भांडायचं. मला त्यांना विचारावंसं वाटतं की तुमच्या घरी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आहे ना? कपाटात पुढच्याच ओळीत असेल. त्यात इरावतीबाईंनी विदुर आणि धर्म म्हणजे युधिष्ठिर यांच्या नात्याविषयी जो प्रश्न उभा केला, तो आठवा. हे दोघं बाप-लेक असतील का? महाभारतातले धागे ओढून, वयं, वरदानं, मृत्यूचा प्रसंग हे सगळं जुळवून त्यांनी ती शक्यता मांडली. आपण त्याला विद्वत्ता म्हटलं, साहित्य अकादमीनं पुरस्कार दिला, आणि दिलाच पाहिजे होता. त्याच पुस्तकात त्या खांडववनाकडे वळतात. कृष्णार्जुनांनी अग्नीला तृप्त करायला ते वन जाळलं, त्यात जे जीव होरपळले त्यांच्याकडे त्या नजर टाकायला लावतात. कथेनं ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं. माझ्या भाचीनं त्या दुपारी हेच केलं, आणि तिच्यापुढेही अग्नीचाच एक भक्त होता.

यात दर्जा सारखा आहे असं मी म्हणत नाही. ‘स्ट्रीट फायटर’ महाभारत नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच आहे. किंबहुना जिथं लेखकानं कमी लिहून ठेवलंय, तिथं वाचणाऱ्याला जास्त काम करावं लागतं. या मुलांच्या हाताशी पर्वं नाहीत, पुरवण्या नाहीत. तीन ठिपक्यांएवढ्या कवट्या, एक जन्मतारीख आणि माहितीचं एखादं वाक्य. तेवढ्यावर त्यांनी एका माणसाला उभं केलं.

दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे. हल्ली अशा पात्रांवर हरकत घेणाऱ्यांची एक तऱ्हा आहे, भावना दुखावल्या म्हणून ते काढूनच टाका. कवट्या काढा, आग काढा, बरगड्या झाका, त्याला नीट कपडे घाला. अपमान होतो हे खरं आहे, मी तो गाळ्यातल्या अंधारात सोसलाय. पण कवट्या काढून टाकल्या तर जाणार कोण? ती तीन मुलं. आधीच एकदा गेलेली. गळ्यात मुंडमाळ घालणारे भैरव आपल्याकडे आहेत, कापालिक होऊन गेले, मसणात राहून मसणजोगी म्हणवली गेलेली माणसं आपल्या गावकुसाबाहेर अजून आहेत. मरणाजवळ बसणाऱ्या माणसाचं रूप आपल्याला नवं नाही, आणि ते लाजिरवाणंही नाही. लाज वाटायची ती त्याच्या गळ्यात कवट्या आहेत याची वाटू नये. त्या कुणाच्या, हे कुणी सांगत नाही याची वाटावी.

प्लेग आणि लेकरू हे दोन शब्द महाराष्ट्रात शेजारी आले की आणखी एक चित्र डोळ्यांपुढे येतं. १८९७ साली पुण्याजवळ मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्याकडे निघालेल्या सावित्रीबाई फुले. १० मार्चला त्या त्याच रोगानं गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. लस होती, पण सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती. सावित्रीबाईंच्या पाठीवरचं मूल आणि धालसिमच्या गळ्यातली मुलं यांची तुलना करण्याचं धाडस मी करत नाही, पण दुकानात बसून मला ती दोन्ही चित्रं एकामागून एक दिसतात. एकीनं जिवंत लेकरू वाहिलं. दुसऱ्याला तेवढी संधीच मिळाली नाही.

आता या पात्राचं नव्यानं काहीतरी होणार आहे. १९९४ च्या डिसेंबरात आलेल्या ‘स्ट्रीट फायटर’ चित्रपटात रोशन सेठ यांनी धालसिम केला होता. आमच्या वडिलांनी तो नंतर कधीतरी केबलवर पाहिला आणि दचकून म्हणाले, अरे, हे तर ‘भारत एक खोज’मधले नेहरू. त्या चित्रपटात धालसिम योगी नव्हता, खलनायकानं डांबून ठेवलेला शास्त्रज्ञ होता. ना गाव, ना साथ, ना दत्ता. आता नव्या चित्रपटासाठी विद्युत जामवालची निवड झाल्याची बातमी आली आहे. तो अंगानं पिळदार, कळरिपयट्टू शिकलेला. बरगड्यांचं काय करतील ते करोत. चाहत्यांचं भांडण पुन्हा त्यावरूनच सुरू झालं आहे, देह कसा, दाढी किती, रंग कोणता. माझं मागणं एवढंच आहे की गळ्यात कवट्या असतील तर एकदा, कुठेतरी, कुणाला तरी त्या पात्रानं सांगावं की या कुणाच्या आहेत. अर्धं मिनिट लागेल.

आपल्याकडे खेळ बनवणाऱ्यांनाही हे लागू आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ आणला, डोंबाऱ्यासारखे खेळ करून जगणारी बहीण आपल्या धाकट्या भावाला शोधत निघते. माझ्या भाचीनं तो तीनदा खेळला आहे. तिला पुढे अशाच ठिकाणी काम करायचंय. तिला मी त्या संध्याकाळी म्हटलं, तू कवट्या काढशील तेव्हा आधी त्या मुलांचे चेहरे काढ. ती म्हणाली, कधीच काढलेत. वहीत होते. तिघंही आठ-दहा वर्षांची, एकाच्या हातात गोफण. चौथा पाठमोरा, बारीक, केस असलेला.

ती चित्रं पाहून मी तिला वसतिगृहातल्या त्या मुलाबद्दल सांगितलं. मामल्याची बातमी आली त्या आठवड्यात तो गाळ्यावर आला होता. त्याचं गाव मामला नव्हतं, पण त्याच बाजूचं होतं. त्यानं खिशातून टोकन काढलं आणि यंत्राजवळ गेला. कुणीतरी म्हणालं, याला दांडा धरू देऊ नका. मालक उठला नाही. आम्ही आठ-दहा जण होतो, त्याच्याकडून लांबून लाथ कशी मारायची ते शिकलेले. तो आमच्याकडे बघत राहिला, आजारी नव्हता, साधं शिंकलाही नव्हता. मी तोंडावरचा रुमाल आणखी घट्ट केला. मग त्यानं टोकन परत खिशात घातलं आणि निघून गेला. पुढे वसतिगृह काही दिवस बंद झालं, आणि तो त्या गाळ्यात परत आला नाही. शाळेतही मला नंतर दिसला नाही.

“तो आता काय करतो?” भाचीनं विचारलं.

“माहीत नाही.”

“नाव काय होतं त्याचं?”

धालसिमची जन्मतारीख, बायकोचं नाव, लेकाचं नाव, त्याला अग्नी कुणी दिला, हे सगळं मी तिला दुपारपासून न अडखळता सांगत होतो. आतून बायकोनं हाक मारली, निरांजन लावलं होतं. भाची पेन्सिल धरून थांबली होती, पाठमोऱ्या चित्राखाली नाव लिहायला.

मला ते आठवलं नाही. अजून आठवलेलं नाही.